न चाखता

तुळशीचं पान घ्यायचं राहिलं म्हणून जयमालाबाई पूजेतून उठल्या आणि स्वयंपाकघराच्या दाराशी थबकल्या. ओट्याशी त्यांची सून, मैथिली, उभी होती. घरूनच ऑफिसचं काम चालू होतं, त्यामुळे कानांवर हेडफोन, तोंडासमोरची माइकची दांडी वर सारलेली, आणि हातात डाव. तिनं आमटीच्या पातेल्यावरचं झाकण उचललं, डावातला थेंब तळहातावर घेतला, जिभेला लावला, आणि तिचा सगळा चेहरा आकसला. लहान मुलाला काढा पाजल्यावर आकसतो तसा. मग तिनं फ्रिजमधून एक डबा काढला. त्यात घोटलेलं अळणी वरण होतं. ते पातेल्यात ओतलं, वर किटलीतलं गरम पाणी घातलं, ढवळलं. पुन्हा तळहात, पुन्हा जीभ. या खेपेला चेहरा सरळ राहिला. तिनं झाकण ठेवलं आणि ती वळणार, एवढ्यात जयमालाबाईच पटकन मागे सरल्या. नैवेद्य चाखला सुनेनं आणि भिंतीआड लपली सासू! मैथिली आपल्या खोलीत जाऊन लॅपटॉपसमोर बसेपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या. समोर भिंतीवर कचऱ्याचं वेळापत्रक लावलेलं होतं, कोणत्या वारी कोणता कचरा खाली न्यायचा त्याच्या रंगीत चित्रांचं. ते त्या लक्ष देऊन वाचत असल्यासारख्या पाहत राहिल्या.

मग आत जाऊन त्यांनी खिडकीतल्या तुळशीचं पान खुडलं. थंडी पडायला लागल्यापासून कुंडी बाल्कनीतून ओट्याजवळ आणून ठेवली होती. पानं लहान झाली होती, पण होती. ताट वाढलं. वरणभात, कोबीची भाजी, मुळ्याची कोशिंबीर, वाटीत आमटी. तिला आता आमटी म्हणायचं की आणखी काही, हे त्यांना ठरवता येईना, पण हातानं वाढली. चटया अंथरलेल्या खोलीतल्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात त्यांचा देव होता. जपानी माणसं जिथे गाद्या ठेवतात तिथे बाळकृष्ण. जपानात मुलाकडे आल्या आल्या त्यांचे यजमान विजयकुमार म्हणाले होते, "बरं आहे की, देवाला इथे सरकतं दार मिळालं. नको असेल तेव्हा लोटून घेईल." जयमालाबाईंनी पाण्याचं चौकोनी मंडल काढलं, ताट ठेवलं, पान ठेवलं, डोळे मिटले. प्राणाय स्वाहा. उष्टं. अपानाय स्वाहा. उष्टं आहे हे. व्यानाय स्वाहा. आणि तू ते कधीपासून खातोयस, ते मला सांगितलंसुद्धा नाहीस.

लग्न होऊन सासरी ठाण्याला आल्या तेव्हा सासूबाईंनी स्वयंपाकाचे नियम फार सांगितले नव्हते. एवढंच म्हणाल्या होत्या, देवाच्या आधी जीभ लावायची नाही. वाससुद्धा मुद्दाम घ्यायचा नाही. मग मिठाचं कसं कळायचं? तर हाताला कळायचं. तीन बोटांत येईल तेवढं मीठ, त्यात आमटी किती, माणसं किती, पाहुणा उन्हातून आलाय की सावलीतून, हे सगळं त्या बोटांनी ओळखायचं. पहिल्या वर्षी कधी अळणी, कधी खारट. सासरे काही न बोलता ताकाची वाटी पुढे करायचे. मग एके दिवशी हाताला कळायला लागलं, आणि कळलं ते कायमचं. जयमालाबाईंना स्वतःविषयी फारसा अभिमान नव्हता. गळा बेताचा, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचं. पण देवळात चातुर्मासाचं कीर्तन बसायचं, तेव्हा लक्ष्मीकांतबुवा त्यांच्याकडे जेवायला असत. एकदा बुवांनी पहिला घास घेतला, हात थांबवला आणि म्हणाले, "माउली, माझी झांज कधी कधी लय सोडते. तुमचं मीठ सोडत नाही." सगळे हसले होते. जयमालाबाई आत जाऊन उगीचच पोळपाट धुवत बसल्या होत्या. तो पोळपाट त्यांनी तीनदा धुतला असेल.

दुपारी जेवायला तिघंच असायची. मुलगा स्वानंद नोकरीनिमित्त नागोयाला, शुक्रवारी यायचा. नात ओवी शाळेत. मैथिली कामातून उठून आली, "आई, आज मस्त वास सुटलाय," म्हणत बसली. विजयकुमारांनी भुरका मारला. जयमालाबाईंनी भात कालवला, घास तोंडात घातला, आणि नेहमीसारखंच काही लागलं नाही. गरम लागलं, मऊ लागलं. चव म्हणून जी काही गोष्ट असते ती कुठेतरी लांब, रस्त्यापलीकडच्या घरात कुणी फोडणी द्यावी तशी. वसंतात त्यांना ताप येऊन गेला होता, तेव्हापासून हे असं होतं. पण त्यांना वाटायचं ते वेगळंच. त्यांना वाटायचं, इथल्या मिठात दम नाही. समुद्राच्या एवढ्या जवळ राहून या लोकांना मीठ करता येऊ नये! त्यांनी तसं खालच्या मजल्यावरच्या सुचित्राला सांगितलं होतं, ठाण्याला बहिणीला फोनवर सांगितलं होतं, आणि सुचित्रा दिवाळीला भारतात गेली तेव्हा तिच्याकडून सैंधवाचा मोठा पुडा मागवला होता. तेही फिकं लागलं, तर म्हणाल्या, विमानातून येताना उतरलं असेल. आणि काल फिकं लागलं म्हणून आज थोडं जास्त, आज फिकं लागलं म्हणून उद्या आणखी. तीन बोटांची चार झाली, चारांची मूठ झाली. चाखायचं नाही म्हणून आधी कळायची सोय नाही, आणि नंतर जेवताना कळावं तर जीभ कळवीना. आपला हात गेला नव्हता. हात बिचारा जिभेचं ऐकत होता. हे सगळं त्यांना त्या एका घासाबरोबर कळलं, आणि त्यांना ठसका लागला. "पाणी घे," विजयकुमार म्हणाले. मैथिलीनं पेला पुढे सरकवला. दोघांचे हात एकदमच पुढे आले होते, सवय असल्यासारखे.

जेवणानंतर मैथिलीच्या खोलीचं दार लागलं, आतून तिचं अर्धं इंग्रजी अर्धं जपानी बोलणं सुरू झालं, कुणी तानाका-सान, कुणी यतीन-सान. विजयकुमार खुर्चीत पेपरचं शब्दकोडं घेऊन बसले होते. जयमालाबाई समोर येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, आमटी खारट होते माझी?"

विजयकुमारांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बँकेत असताना खातेदार तावातावानं आला की ते असंच करायचे.

"अगं, आज तर छान होती."

"आज मैथिलीनं केली होती."

त्यावर त्यांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "मला बीपी आहे. घरात सगळ्यांच्या आधी मलाच कळणार."

"मग बोलला का नाहीत?"

"पन्नास वर्षं गप्प जेवलो. आता या वयात वळण बिघडवू?" ते हसले. त्या हसल्या नाहीत, तशी त्यांनी शब्दकोडं बाजूला ठेवलं. "मैथिलीनंच सांगितलं, आईंना कळू देऊ नका. म्हणाली, बाबा, दिवसभर या घरात त्यांचं असं तेवढं एकच आहे. भाषा नाही, बाजार नाही, एक सुचित्रा सोडली तर बोलायला माणूस नाही. स्वयंपाक गेला तर त्या काय करतील? मला काही उत्तर सुचलं नाही. तुला सुचतंय?"

त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. समोरच्या इमारतीच्या सगळ्या बाल्कन्यांत एकसारख्या दांड्यांवर एकसारख्या रजया वाळत होत्या. खाली पिवळ्या टोप्या घातलेली मुलं रांगेनं चालली होती. दया करत होते सगळे. आपल्यावर दया. रागावण्यासारखं कुणी काही केलं नव्हतं, हीच मोठी पंचाईत होती. लेकीसारखी सून, देवमाणूस नवरा, आणि कपाटातला तो तर काय, तो कशालाच नाही म्हणत नाही. भांडायचं तरी कुणाशी? कुणी ताट भिरकावलं असतं तर बरं झालं असतं. त्यांच्या माहेरी एक चुलते होते, मीठ कमी पडलं की ताट भिरकावायचे. सगळं घर त्यांना शिव्या द्यायचं. पण काकूंना रोजच्या रोज खरं काय ते कळत तरी होतं.

संध्याकाळी ओवी आली. दप्तर टाकलं, हात धुतले, आणि दुपारचीच आमटी भातावर घेऊन, रोज म्हणायची तसं म्हणाली, "ओइशी!" चविष्ट. या पोरीचं हे ओइशी म्हणजे जयमालाबाईंची दिवसाची कमाई होती. मराठी समजायचं, पण बोलायला कंटाळा. देवळातल्या कीर्तनाच्या नादात आजीनं हट्टानं ओवी नाव ठेवलेली ही मुलगी आजीशी बोलायची ती जपानीत, आणि आजीला त्यातले पाचसहा शब्द येत. त्यातला सगळ्यांत आवडता हा. जयमालाबाई तिच्याजवळ बसल्या.

"ओवी, खरं सांग हं बाळा. आजीची आमटी खारट असते ना?"

ओवीनं आधी समोर बसलेल्या आईकडे पाहिलं. तेवढं पुरे होतं. मग ती आजीचा हात धरून म्हणाली, "दाइज्योबु, आजी. दाइज्योबु." काही नाही, ठीक आहे. जपानात माणूस रस्त्यात पडला तरी उठून हेच म्हणतो.

मैथिली ताट घेऊन उठली आणि मागे वळून न पाहता बेसिनपाशी गेली. नळ सोडला. धुवायला दोनच भांडी होती आणि नळ बराच वेळ वाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी जयमालाबाईंनी मीठच घातलं नाही. कशातच नाही. निर्णय घेतला असं नव्हे. मिठाचा डबा उघडला, बोटं आत गेली आणि तिथेच थांबली. किती? हा प्रश्न त्यांनी आयुष्यात बोटांना विचारलाच नव्हता. विचारल्यावर बोटं घाबरली. त्यांनी हात तसाच बाहेर काढला आणि डबा लावून टाकला. अळणी आमटी, अळणी भाजी. नैवेद्याच्या ताटात मीठ वाढायचं नसतंच. देवासमोर ते ताट ठेवताना त्यांना लक्ष्मीकांतबुवांचं एक आख्यान आठवलं. एका गावच्या गुरवाची म्हातारी आई, डोळ्यांनी अधू. मुलगा परगावी गेलेला, म्हणून तिनं देवासाठी स्वतः खीर केली आणि साखर समजून मिठाची ओंजळ घातली. बुवा तिथे थांबायचे. पेटीवाला एक सूर धरून ठेवायचा. मग बुवा देव व्हायचे, वाटी उचलायचे, पहिला घोट घ्यायचे, आणि असा चेहरा करायचे की सगळं देऊळ हसायचं. आणि दुसऱ्या घोटाला तोच चेहरा असा काही मऊ व्हायचा की हसणाऱ्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या. देवानं वाटी चाटूनपुसून रिकामी केली. मुलगा आला, त्यानं वाटीला लागलेला थेंब चाखला, आणि आईच्या पायांवर कोसळला. जयमालाबाई ते दर वर्षी ऐकायच्या आणि दर वर्षी रडायच्या. पण घरी येताना एकदा त्या सासूबाईंना म्हणाल्या होत्या, "देवानं खाल्ली हो, पण त्या दिवशी घरातल्या बाकीच्यांनी काय खाल्लं, ते बुवांनी सांगितलंच नाही." सासूबाई भर रस्त्यात थांबून हसल्या होत्या. आज त्यांना वाटलं, आपण गमतीत विचारलं होतं, पण प्रश्न बरोबर होता. आख्यानात म्हातारी एकच दिवस खीर करते. दुसऱ्या दिवशी ती काय करते? तिसऱ्या? देव रोज तो चेहरा करतो का? आणि सुनेनं भिंतीआडून तो पाहिला, तर मग तिनं काय करायचं?

जेवायला बसल्यावर विजयकुमारांनी एक घास घेतला आणि देवाच्या खोलीकडे मान वळवली. "का हो," ते मोठ्यानं म्हणाले, "तुम्हालाही डॉक्टरांनी बंद केलं वाटतं?"

कुणी हसलं नाही. मैथिलीनं घास तसाच ताटात ठेवला.

"आई, तुम्ही काल पाहिलंत ना?"

"कधीपासून चाललंय?"

"गणपतीच्या आधीपासून." मैथिलीचा आवाज बारीक झाला होता, ऑफिसात मोठमोठ्या साहेबांशी बोलणाऱ्या मुलीचा. "पण आई, आधी मी नैवेद्यानंतरच सारखं करायचे. खरंच. तुमची आरती झाली, ताट उचललंत, की मग मी वरण मिसळायचे. तुमचा नियम मला माहीत नाही का? माझी आजीसुद्धा तसंच करायची. पण मग एकदा तुम्ही डोळे मिटून बसला होतात, आणि मी दारातून बघत होते, आणि मला वाटलं, हे काय करतेय मी? आपण नीट जेवायचं आणि त्याला तेवढं खारट? तो बोलत नाही म्हणून? मला सहनच होईना ते. मग आधी करायला लागले. आणि चाखल्याशिवाय मला येत नाही हो. मला तुमच्यासारखं हातानं नाही येत."

जयमालाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. ही मुलगी सकाळी दिवा न लावता कामाला बसते म्हणून त्यांनी किती वेळा मनात तिला नावं ठेवली होती, आजकालच्या मुली, यांना देवधर्म कुठला. आणि हिला देवाचा घसा पोळल्याचं सहन होईना. त्यांना जे वाटलं ते माया म्हणावी तर माया, लाज म्हणावी तर लाज. पण त्यानं काही सुटत नव्हतं. चाखलं तर उष्टं, न चाखलं तर खारट, आणि दोन्ही टाळावं तर हे असं, ताटात माती कालवल्यासारखं. धर्मात याला काही तोड असेल. बुवा असते तर विचारलं असतं. बुवांनी एखादा दृष्टांत दिला असता, झांज वाजली असती, सगळ्यांना पटलं असतं आणि आपण घरी येऊन पुन्हा मिठाच्या डब्यासमोर उभ्या राहिलो असतो.

"तू कर ना उद्यापासून," त्या म्हणाल्या. "सगळंच तू कर. मी पोळ्या लाटून देईन."

"मी नाही करणार," मैथिली म्हणाली. ती इतक्या पटकन म्हणाली की विजयकुमारांनी मान वर केली. "देवाचं तुम्हीच करायचं. मला घाबरवू नका, आई."

"मला तरी कुठे येतंय आता?"

"मग काय करायचं?"

विजयकुमारांनी उठून मिठाचा डबा आणला आणि मधोमध ठेवला. ज्यानं त्यानं आपापल्या ताटात घेतलं. जयमालाबाईंनीही घेतलं, चिमूट, मग आणखी एक चिमूट, मग कुणीतरी आपल्याकडे पाहतंय असं वाटून हात मागे घेतला. त्यांना मीठ लागलं नाही. मीठ घातलं आहे एवढं कळलं, पत्र आलंय पण अक्षर लागत नाही तसं. हे पुढेही असंच राहणार. इथल्या डॉक्टरबाईंनी वसंतात स्वानंदला सांगितलं होतं, या वयात चव परत येईलच असं नाही. तेव्हा स्वानंदनं ते आईला सांगताना, येईल हळूहळू, असं सांगितलं होतं. हेही आता त्यांच्या ध्यानात आलं. घरात सगळे त्यांच्यासाठी सगळंच थोडं पातळ करून वाढत होते.

शनिवारी स्वानंद घरी होता, पण ओवीला पोहायला घेऊन गेला होता. मैथिलीला सुट्टीच्या दिवशीही कसलंसं तातडीचं काम निघालं होतं. जयमालाबाईंनी आंघोळ केली, धुतलेलं पातळ नेसल्या, डाळ शिजवली, चिंच-गुळाचा कोळ घातला, गोडा मसाला घातला. आमटीला उकळी आली. डबा उघडला. तीन बोटांत मीठ घेतलं, फक्त तीन बोटांत, नव्या सुनेनं घ्यावं तसं घाबरत, आणि टाकलं. कमी की जास्त? आमटी उकळत होती. बुडबुडे फुटत होते, वर तेलाचा तवंग फिरत होता, रंगही बरोबर दिसत होता. सगळं होतं, आणि त्यातलं काहीच त्यांना काही सांगत नव्हतं. बहिऱ्या माणसापुढे कीर्तन रंगावं तशी आमटी त्यांच्यापुढे रंगली होती. त्यांनी देवाच्या खोलीकडे पाहिलं. मग तिकडे गेल्या आणि कपाटाचं दार हलकेच लोटून घेतलं. पाच मिनिटं, त्या पुटपुटल्या. बघू नकोस.

मैथिलीच्या दारावर त्यांनी टकटक केलं. दार उघडलं. स्क्रीनवर चौकोनांत माणसं होती. मैथिलीनं घाईनं आवाज बंद केला, हेडफोनची दांडी वर सारली.

"काय झालं, आई? बरं वाटत नाहीये का?"

जयमालाबाईंनी डाव पुढे केला. खाली दुसरा हात धरला होता, थेंब सांडू नये म्हणून.

"बघ जरा," त्या म्हणाल्या.

मैथिलीनं डावाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. तिनं तळहात पुढे केला. थेंब घेतला. जयमालाबाई तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिल्या, परीक्षेचा निकाल लावलेल्या फळ्याकडे पाहावं तशा. तो आकसला नाही. पण तिचे डोळे भरले होते, आणि मीठ कमी म्हणून भरले की आणखी कशानं, हे चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता.

"बोल ना गं. खरं बोल."

"अजून अगदी थोडं लागेल," मैथिली म्हणाली. "अगदी थोडं, आई."

त्यांनी मान हलवली. आत येऊन अगदी थोडं टाकलं. मैथिली मागोमाग आली, पुन्हा चाखली, आणि बोटांनीच झालं अशी खूण केली, कारण तिला पलीकडून कुणीतरी नावानं हाक मारत होतं. ती पळाली. जयमालाबाईंनी ताट वाढलं. सरकतं दार उघडलं. मंडल काढलं, ताट ठेवलं, पान ठेवलं, पाणी फिरवलं. बाळकृष्ण नेहमीसारखा रांगत होता, एक हात पुढे करून. प्राणाय स्वाहा म्हणण्याआधी त्या थोड्या थांबल्या. आजवर या ताटाची सगळी जबाबदारी त्यांची होती. कसं झालंय, हे त्यांना विचारायची कधी कुणाला गरज पडली नव्हती, त्यालासुद्धा नाही. त्यांनी डोळे मिटले.

"बरोबर झालंय, असं म्हणते ती," त्यांनी देवाला सांगितलं.